अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथे सगळी वाळूच, तरी गवत कसं टिकतं? माती कशी आहे तिथली?

तिथली मुख्य माती ‘व्हॅलेंटाइन’ नावाची. वाऱ्याने आणून टाकलेली बारीक वाळू. वर जेमतेम चार-पाच इंच करडा थर, खाली नुसती सुटी वाळू. ओली करून बोटांत दाबली तरी चिकणमातीसारखी पट्टी निघत नाही. सेंद्रिय अंश कमी, कस बेताचाच.

पाऊस थोडा, पण पडलेलं पाणी वाहून न जाता सरळ मुरतं. उन्हाने उडण्याआधीच ते खाली जातं आणि खोल मुळांच्या गवताला मिळतं; उरलेलं ओगलाला जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या मोठ्या पाणीसाठ्यात. नांगर मात्र लावू नये. गवताचं आवरण गेलं की वारा टेकडीत खड्डेच पाडतो. १९०४ च्या किनकेड कायद्याने तिथे वस्ती करणाऱ्यांना १६० ऐवजी ६४० एकर सरकारी जमीन दिली, तरी नांगरणारे बरेचजण टिकले नाहीत. गुरं पाळणारे टिकले.