परीक्षण मंडळे चित्रपटाला कात्री कशी लावतात आणि एखादा चित्रपट नाकारतात तो कशावरून?

मंडळाच्या हाती कात्री असते ही समजूत पक्की रुजलेली आहे, परंतु प्रत्यक्षात चित्रपट कापतो तो निर्माताच. परीक्षक संपूर्ण चित्रपट पाहून हिंसा, लैंगिकता, शिवराळ भाषा, अमली पदार्थ यांच्या नोंदी करतात आणि तो कोणत्या वयोगटाला दाखवण्याजोगा आहे ते कळवतात. निर्मात्याला त्याहून खालच्या वयोगटाचे प्रमाणपत्र हवे असेल, तर काय कमी करावे लागेल हेही त्याला समजते. बरीचशी काटछाट अशी तडजोडीतून होते आणि तिच्यामागे नीतिमत्तेपेक्षा तिकीटविक्रीचा हिशेब अधिक असतो, कारण प्रौढांपुरते प्रमाणपत्र मिळाले की किशोरवयीन प्रेक्षक हातचा जातो. पुष्कळदा दृश्य मुळापासून काढावेही लागत नाही. वार तोच ठेवून रक्त आणि आवाज कमी केला तरी भागते.

अमेरिकेत १९६८ पासून चालत आलेली श्रेणीपद्धत चित्रपटव्यवसायाने स्वतःहून स्वीकारलेली आहे. तिथे श्रेणीवाचून चित्रपट दाखवणे हा गुन्हा नाही, मात्र चित्रपटगृहे मिळणे अवघड होते.

नकाराचा प्रश्न येतो तो वयाची अट घालूनही भागत नाही तेव्हा. ब्रिटनमध्ये १९३७ च्या एका कायद्याने, चित्रीकरणासाठी प्राण्यांना खरोखर क्रूरपणे वागवलेले असेल तर ते दृश्य दाखवण्यास मनाई केली आहे. प्रेक्षक प्रौढ असला म्हणून ती उठत नाही. ऑस्ट्रेलियात वर्गीकरण नाकारलेला चित्रपट विकताही येत नाही आणि जाहीरपणे दाखवताही येत नाही.

भारतात, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार, सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र सक्तीचे आहे, आणि निव्वळ प्रौढांसाठीच्या चित्रपटालाही मंडळ काटछाट सुचवू शकते. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध अशी कारणे कायद्यातच दिलेली असल्याने अर्थ लावायला वाव मोठा राहतो. मंडळाच्या नावात १९८३ साली ‘सेन्सॉर’च्या जागी ‘प्रमाणन’ आले आणि २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाच्या श्रेणीचे ७, १३ व १६ वर्षे असे टप्पे पाडले. तरीही, माझ्या मते, प्रौढ प्रेक्षकाच्या वतीने मंडळ निर्णय घेते तोवर त्याला निव्वळ वर्गीकरण म्हणता येणार नाही. निर्णय अमान्य असलेल्या निर्मात्याला पूर्वी अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होते. ते २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून त्याला उच्च न्यायालयात जावे लागते.