आजोबांच्या काळचं रविवर्म्याचं लक्ष्मीचं चित्र आहे, डाग पडलेत. साफ करून औंधच्या संग्रहालयाला द्यावं का? ते नीट जपतील का?

साफ करू नका. एवढं वाचून उठलात तरी चालेल.

आमच्याकडे सरस्वती होती, आजीच्या माहेरची. साडीच्या काठावर खरी जर चिकटवलेली, दागिन्यांवर टिकल्या. त्या काळी बायका चित्रं अशी सजवायच्याच. वाटणीत ती थोरल्या चुलतभावाकडे, म्हणजे अण्णाकडे गेली आणि त्यानं ती साताऱ्यातल्या एका फ्रेमवाल्याकडे 'फ्रेश' करायला टाकली. मी नको म्हणत होतो, तर "तू कोण मोठा तज्ज्ञ लागून गेलास?" फ्रेमवाल्यानं मळकी दिसते म्हणून जर खरवडली, कागद सुतारकामाच्या गोंदानं प्लायला चिकटवला, वरून दारं-खिडक्यांचं वॉर्निश मारलं आणि काच थेट कागदाला भिडवून खिळे ठोकले. दिवाळीला आल्यागेल्याला अण्णा कौतुकानं दाखवत होता. पावसाळ्यात आत ओल धरली, वॉर्निश काचेला चिकटलं, गालावर बुरशीचे तपकिरी ठिपके उठले. आता काच उचलली तर देवीचं नाक काचेबरोबर येईल.

जाणकार माणूस फाटक्या कागदाला मागून पातळ जपानी कागद लावतो, तोही गव्हाच्या खळीनं. का, तर उद्या कुणाला काढायचा झाला तर तो पाण्यानं सुटावा. केलेलं काढता आलं पाहिजे, हा या कामातला पहिला नियम. प्लायवरचा तो गोंद आता कोण सोडवणार?

अण्णाचं अजून एकच पालुपद: संग्रहालयाला दिलं असतं तर गोडाऊनमध्ये सडलं असतं. अरे, कागदावरचं चित्र अंधारातच जास्त टिकतं! बाहेर मांडलं तरी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा आत. आत आहे म्हणजे टाकून दिलंय असं नव्हे. हा माणूस औंधला यमाईच्या दर्शनाला मूळपीठाचा डोंगर चढतो, पण त्याच डोंगरावरच्या संग्रहालयात पाऊल टाकत नाही. स्वतः चित्रं काढणाऱ्या औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभं केलं. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे, आपल्या खटाव तालुक्यात! पण अण्णाला पार्किंगची काळजी.

तुमचं चित्र बहुतेक छापील असणार. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. भिंग लावून बघा, बारीक ठिपके दिसले की छापील. तळाशी छापखान्याचं नावही असतं, फ्रेमखाली दडलेलं. छापील असेल तर संग्रहालय घेईलच असं नाही, आधी विचारा. मूळ तैलचित्र निघालं तर गोष्ट वेगळी: रविवर्म्याची चित्रं १९७९ पासून राष्ट्रीय कलाठेवा आहेत, म्हणजे देशाबाहेर नेता येत नाहीत; अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायचं मनात आणू नका.

घरीच ठेवणार असाल तर ओल येणाऱ्या भिंतीवर नको, उदबत्तीच्या धुरात नको. काच आणि कागद यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी. मागचा जुना पुठ्ठा काढायला लावा, त्यातल्या आम्लानं कागद तपकिरी होऊन तुटतो. सेलोटेप तर लांबच ठेवा.

सगळेच फ्रेमवाले तसले नसतात, हेही सांगतो. चांगला कारागीर कामाला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारतो. आणि वाळवी किंवा कसर चालू असेल तर 'हात लावू नका' हे माझं विसरा, चित्र लगेच बाकीच्या सामानापासून वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा.

संग्रहालयाला द्यायचं ठरलंच तर लेखी पोच घ्या. दानपत्रावर सगळ्या भावंडांच्या सह्या हव्यात, थोरल्याची आधी.