रॉकेट, टकळी आणि रॉकेल

प्रश्न : माझी मुलगी पुण्याला नोकरीत आहे. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, आज रॉकेटची पानं खाल्ली." मी म्हटलं, बाई, रॉकेटला पानं कधीपासून फुटली? ती हसत सुटली, पण नीट सांगता तिलाही आलं नाही. हे काय प्रकरण आहे, गुरुजी?
– एक शेतकरी, समुद्रपूर तालुका

भाऊ, लेक खरं बोलते. रॉकेट नावाची पालेभाजी आहे. मुळ्याच्या कोवळ्या पाल्यासारखी कातरलेली पानं, आणि चावली की मोहरीचा झटका थेट नाकात. मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातली ती. राजस्थान-हरियाणाकडचे शेतकरी तिला तारामिरा म्हणतात, कोरडवाहू रानात हिवाळी पीक म्हणून पेरतात आणि बियांचं झणझणीत तेल काढतात. तीच पानं हॉटेलच्या बशीत आली की 'रॉकेट' होतात. अमेरिकेत 'अरुगुला', इटलीत 'रुकोला'. पेरणाऱ्याला काय मिळतं आणि बशीला काय पडतं, हा हिशेब मी इथे मांडत नाही, तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला येतो.

पण ही भाजी आणि आभाळात जाणारं रॉकेट, यांचं आपसात नातं नाही. आडनाव एक, गाव वेगळं. आपल्याकडे जेवायला बसायचा पाट आणि पाण्याचा पाट असतो, तसंच हे. भाजीचं नाव निघालं लॅटिनमधल्या 'इरुका'पासून. इटलीत त्याचं 'रुका' झालं, लाडानं 'रुकेटा', फ्रेंचांच्या तोंडी 'रोकेट' आणि इंग्रजीत रॉकेट. लॅटिनमध्ये इरुका म्हणजे अळीसुद्धा! आता आपल्या कृषी केंद्रात जा. तिथे रॉकेट नावाचं फवारणीचं औषध मिळतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण, बोंडअळीसाठी. म्हणजे एका रॉकेटच्या मुळाशी अळी आणि दुसरं रॉकेट अळीच्या मुळावर उठलेलं. नाव ठेवणाऱ्यानं लॅटिन चाळलं असेल असं मला वाटत नाही.

आभाळातल्या रॉकेटबद्दल मात्र मला थोडं सैल बोलू द्या.

माझी प्राथमिक शाळा वर्धेजवळची. तेव्हा आम्हाला सूतकताईचा तास असे. डाव्या हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू, उजव्या हातानं टकळी मांडीवर घासून गरकन सोडायची, सूत निघालं की काडीवर गुंडाळायचं. गुंडाळत गेलं की काडीवर एक कुकडी तयार व्हायची, मधे फुगीर आणि टोकाकडे निमुळती. गुरुजी तार मोजायचे आणि कमी भरले तर कान धरायचे. ती टकळी माझ्या कपाटात अजून आहे. मागच्या दिवाळीत नातवानं रॉकेटचा पुडा फोडला, तेव्हा एक रॉकेट उचलून मी टकळीशेजारी ठेवलं. पोट्टं दोन्हींकडे पाहत म्हणालं, "आबा, हे तं सेम टू सेम आहे!"

इटलीतल्या दारूकाम करणाऱ्यांना नेमकं हेच दिसलं होतं. तिकडे कातताना लोकर किंवा जवसाचे तंतू एका काठीला गुंडाळून ठेवत. त्या काठीचं नाव 'रोक्का'. आपण पेळू हातातच धरतो, म्हणून त्या काठीला आपल्याकडे शब्द नाही. रोक्कावरून 'रोक्केटा', म्हणजे लहानशी कांडी. काडीला बांधलेली दारूची नळी तशीच दिसते, तर तिलाही तेच नाव पडलं. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत पोचला आणि पुढे चंद्रापर्यंत गेला. कापसाच्या मुलखातला माणूस म्हणून मला याचं भारी अप्रूप वाटतं. सेवाग्रामला चरखा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी ही गोष्ट सांगतो. अर्ध्यांना खोटी वाटते.

इंग्रज लोक 'साहेबानं त्याला रॉकेट दिलं' असंही म्हणतात. तिथे काही उडत नाही, फक्त माणसाला झाप झाप झापलेलं असतं.

प्रश्न : पाडव्याच्या दिवशी आमच्याकडे आभाळातून लोखंडी कडं पडलं होतं, तुम्हाला आठवत असेल. कोणी म्हणे उपग्रह, कोणी रॉकेट, कोणी क्षेपणास्त्र, पेपरात अग्निबाण. हे सगळं एकच काय? आणि असं शेतात पडलं तर भंगारवाल्याला देता येते का?
– एक वाचक, सिंदेवाही तालुका

आठवतं म्हणजे काय, मी पाहिलं आहे! २ एप्रिल २०२२, गुढी उतरवून झालेली, मी अंगणात बाजेवर. आठच्या आत-बाहेर जळत्या तुकड्यांची रांग आभाळातून सावकाश सरकत गेली. शेजारीण ओरडली, "विमान जळून राह्यलं जी!" उल्का असती तर पापणी लवेपर्यंत संपली असती. हे इतका वेळ दिसत होतं की मला आत जाऊन बायकोला बाहेर बोलावता आलं.

तुमच्या लाडबोरीला पडलेलं कडं दोन-तीन मीटर व्यासाचं आणि ४० किलोंच्या आसपास होतं. आजूबाजूच्या गावांत गोळेही सापडले. ते बहुधा दाबाखालचा वायू भरायच्या टाक्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असं अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं. तेव्हा 'रॉकेट' म्हणणाऱ्यांनी पैज जिंकली.

उपग्रह म्हणजे माल आणि रॉकेट म्हणजे तो वाहणारी बंडी, आपली बैलगाडी. कापूस जिनिंगला उतरवला की आपली रिकामी बंडी घरी येते. रॉकेटची रिकामी बंडी कधी समुद्रात पडते, कधी वर्षभर घिरट्या घालून लाडबोरीत. क्षेपणास्त्र हे शस्त्र. त्याला वाटेत वळवता येतं, नेम धरून नेता येतं, आणि बहुतेकदा त्याला उडवायलाही आत रॉकेटच असतं.

'अग्निबाण' हा शब्द मला स्वतःला जरा फुगवलेला वाटतो, कारण नुसता 'बाण' पुरेसा होता. जुन्या मराठी कागदपत्रांत लढाईत 'बाण सुटले' असं येतं, तेव्हा ते धनुष्याचेच असतील असं समजू नका, पुष्कळदा ते दारू भरलेले असत. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूकडे लोखंडी नळ्यांचे बाण होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी त्यांचे नमुने मायदेशी नेले आणि विल्यम कॉन्ग्रीव्हनं त्यांवरून आपलं रॉकेट बनवलं. माझे आजोबा दिवाळीच्या रॉकेटलाही बाणच म्हणत. आता आपल्या सैन्याकडे ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडणारी यंत्रणा आहे. त्या रॉकेटांचं काम नागपूरच्या अंबाझरी आयुध निर्माणीतही चालतं. यंत्रणेचं नाव पिनाका, म्हणजे महादेवाचं धनुष्य. नाव ठेवणाऱ्याला बाण आठवला असणार.

भंगाराचं विसरा. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू ज्या देशानं उडवली त्यानं मागितली तर परत द्यावी लागते. शिवाय टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. हात लावू नका, पोलीस पाटलांना सांगा. लाडबोरीचं कडंही सिंदेवाहीच्या ठाण्यातच गेलं होतं.

प्रश्न : रॉकेल आणि रॉकेट हे एकाच शब्दाचे भाऊ काय?
– आठवीतला विद्यार्थी, आर्वी

नाही बेटा. रॉकेल आलं इंग्रजी 'रॉक ऑइल'वरून, म्हणजे दगडातलं तेल. तुझी आजी मातीचं तेल म्हणत असेल, तिचं भाषांतर जास्त जवळचं आहे. पण भाऊ नसले तरी दोघांची गाठ पडली आहे. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात शुद्ध केलेलं रॉकेलच जळायचं, सोबत द्रवरूप ऑक्सिजन. सुमारे ७ लाख ७० हजार लिटर रॉकेल, आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत खलास! रेशनच्या निळ्या रॉकेलसाठी डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्याला हा आकडा अजून पचत नाही.

प्रश्न : शाळेच्या साहित्याच्या यादीत 'रॉकेट – ४ नग' असं लिहिलं गेलं आणि वरून विचारणा आली. चूक काय झाली?
– एक शिक्षिका, राळेगाव तालुका

बॅडमिंटनची ती रॅकेट. दुरुस्ती करून पाठवा. विचारणा आली म्हणजे यादी वाचणारा कोणीतरी आहे, याचाच मला आनंद झाला.

प्रश्न : बचत गटाच्या बैठकीत 'रॉकेट चूल' दाखवली. तिच्यात पऱ्हाटी चालते का?
– एक गृहिणी, देवळी तालुका

चालते ताई, पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या चांगल्या चालतात, तुरीची तुराटीही चालते. या चुलीचं पोट इंग्रजी एल अक्षरासारखं असतं. आडव्या तोंडातून बारीक काड्या सरकवायच्या, काड्यांखालून हवा जाते, उभ्या नळीत ज्वाळा घुमते. नळीभोवती राख किंवा भुसभुशीत विटा असल्यानं आतली उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळे धूरसुद्धा बराचसा जळून जातो. लॅरी विनियार्स्की या अमेरिकन माणसानं १९८० च्या दशकात ती बसवली. जाड ओंडका तिला चालत नाही आणि काड्या पुढे सारत बसावं लागतं, तेवढा त्रास आहे. काडी वाळलेली हवी. ओली टाकली तर ही चूलही डोळ्यांतून पाणी काढेल.

आणि पऱ्हाटीचे ढीग पुढच्या पेरणीपर्यंत घरामागे रचून ठेवू नका. सडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पावसाळ्यात पुन्हा कपाशीवर येते. तेव्हा आधी पऱ्हाटी संपवा, तुराटी नंतर.