कन्सल्टिंगला चाललायस तर हे ऐक

अरे बाबा, सरकारी नोकरी तीच नोकरी असं फोंड्याला घरचे म्हणणारच, घाबरू नको, पण कन्सल्टिंगमध्ये पर्मनंट लेटर मिळालं म्हणजे सुटलो असंही समजू नको. तिथे तुझ्या तासांचं बिल क्लायंटला लागतंय का हाच हिशोब, त्याला युटिलायझेशन म्हणतात. ॲक्सेंचरने मार्च २०२३ मध्ये १९,००० जणांची कपात जाहीर केली, त्यातले निम्म्याहून जास्त बिल न होणाऱ्या कामातले, म्हणजे बघ. बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना, पहिले दोन आठवडे मजा वाटते, मी तर रोज संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर जायचो, तिसऱ्या आठवड्यात रिसोर्स मॅनेजरचा, म्हणजे कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते बघणाऱ्याचा, फोन आला की पोटात गोळा. म्हणून प्रोजेक्ट संपायच्या महिनाभर आधीच जुन्या मॅनेजरना स्वतः पिंग करायला लाग, लाजू नको, प्रोजेक्टवर कुणाला घ्यायचं हे बरंचसं ओळखीवरच चालतं. स्ट्रॅटेजी फर्ममध्ये अप ऑर आउट असतं, ठरलेल्या काळात प्रमोशन नाही झालं तर गोडीगोडीत दार दाखवतात, त्यात अपमान वाटून घेऊ नको, तिथून क्लायंटकडेच नोकरी लागलेले खूप आहेत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत गाडीचं लोन नको. आणि हो, चतुर्थीची रजा जूनमध्येच कॅलेंडरवर टाकून ठेव, बाहेरच्या मॅनेजरला गोव्यातली चतुर्थी ऐनवेळी सांगून कळत नाही.