‘हॅव’ची भीती

‘मॅडम, व्याकरण कच्चं आहे. इंटरव्ह्यूत बोबडी वळते.’ मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकते. जरा खोदलं की गाडी बहुतेकदा इंग्रजीतल्या प्रेझेंट परफेक्टपाशी, म्हणजे ‘आय हॅव...’ने सुरू होणाऱ्या ‘केलंय, झालंय’छाप वाक्यांपाशी, अडलेली असते.

लालबागच्या एक बाई हिशेबाच्या कामात मुरलेल्या होत्या. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधत होत्या. एका मुलाखतीत त्या ‘आय हॅव जॉइन्ड इन 2014’ म्हणाल्या आणि समोरचे हसले. पुढे बोलावणी आली, पण त्या गेल्याच नाहीत. आमच्या पहिल्या भेटी त्या हसण्याबद्दलच झाल्या. ‘सोडून द्या’ असं मी एकदाही म्हटलं नाही. आधी माणसाला लाज बोलून मोकळी करू द्यावी, नियम मागाहून सांगावा, असं मी ठामपणे मानते.

चौथ्या भेटीत मी चहा पुढे केला.

‘नको मॅडम, आत्ताच घेतलाय.’

‘नुसतं “घेतला” का नाही म्हणालात?’

त्या कपाकडे बघत राहिल्या. ‘घेतला म्हटलं तर झालेली गोष्ट सांगितली. घेतलाय म्हणजे... झालाय, म्हणून आता नको.’

‘हेच ते. आय हॅव हॅड टी. गोष्ट मागची, पण बोलणं आत्ताचं.’

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘म्हणजे हे मला येतच होतं?’

येतच होतं. माणसाकडे आधीपासून असलेलं त्याच्याच तोंडून काढता आलं, की मला माझ्या कामाचं खरं समाधान मिळतं.

मात्र दोन ठिकाणी मराठी साथ देत नाही. ‘मी ते कालच पाहिलंय’ आपल्याकडे चालतं. इंग्रजीत येस्टरडे, लास्ट इयर, 2014 असा सरलेला काळ नेमका सांगितला की हॅव निघून जातो: आय जॉइन्ड इन 2014. उलट ‘मी 34 वर्षं लालबागला राहते’ यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, तर इंग्रजीला तिथे हॅव लागतोच: आय हॅव लिव्ड इन लालबाग फॉर थर्टी फोर इयर्स. मुदत सांगताना फॉर, सुरुवात सांगताना सिन्स.

पुढच्या खेपेला त्यांनी उत्तरं लिहून आणली. जुन्या नोकरीबद्दलच्या वाक्यातला, ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर सिक्स इयर्स’मधला, हॅव त्यांनी स्वतःच खोडला होता.

‘ती नोकरी सुटली ना, मॅडम,’ म्हणाल्या. ‘लालबाग नाही सुटलं.’