लघवीच्या इन्फेक्शनमध्ये कोणतं अँटिबायोटिक लागू पडणार नाही, हे कल्चर रिपोर्टच्या आधी ओळखता येतं का?

तुमचे वडील कॅथेटर (लघवीची नळी) लावून ॲडमिट आहेत, कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासायला, तीन दिवस लागणार, मग आज औषध कशावरून ठरवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. बराच अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी सगळ्यात भरवशाचा कागद बहुधा तुमच्याच घरी असतो: त्यांचा मागचा युरिन कल्चर रिपोर्ट. तो आजच शोधा.

त्यात औषधांपुढे 'एस' (औषध जंतूवर चालतं) किंवा 'आर' (चालत नाही) असतं. गेल्या सहा महिन्यांतला 'आर' अजूनही लागू आहे असंच धरून चालावं. जुन्या 'एस'वर मात्र तेवढं विसंबू नये, मधे अँटिबायोटिक झालं असेल तर चित्र पालटतं. सिप्रोफ्लोक्सासिन 'आर' असेल तर लिव्होफ्लोक्सासिन आणि ओफ्लोक्सासिनही बाद समजा. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला हा जंतू सेफ्ट्रिॲक्झोनला 'आर' आणि मेरोपेनेमला 'एस' असेल, तर तो बहुधा ईएसबीएल (अशी अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम) बनवणारा जंतू. त्याला सेफिक्झिमच्या गोळ्याही पुरत नाहीत.

सोबत गेल्या तीन महिन्यांतली सगळी अँटिबायोटिक्स लिहून द्या, खोकल्यासाठी घेतलेलंसुद्धा. ॲडमिशन कधी झालं, कॅथेटर किती दिवसांचा आहे, तेही लिहा.

जुना रिपोर्टच नसेल तर हॉस्पिटलचा अँटिबायोग्राम बघतात, म्हणजे तिथल्या जंतूंवर कोणतं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता. तो फक्त लघवीच्या नमुन्यांचा, शक्यतो त्याच वॉर्डचा हवा. प्रत्येक रुग्णाचा वर्षातला पहिलाच जंतू मोजलेला असावा आणि एका जातीच्या जंतूचे निदान 30 नमुने हवेत. नाहीतर एकाच रुग्णाचे दहा रिपोर्ट सगळी टक्केवारी बिघडवतात.

संगणकही हे करू शकतो. इस्राएलमधल्या संशोधकांनी 7 लाखांहून अधिक इन्फेक्शनच्या नोंदींवरून 2019 मध्ये ते दाखवलं, आणि तिथेही जुने रिपोर्ट व आधीची औषधंच कामी आली. पण त्या नोंदी हॉस्पिटलबाहेर झालेल्या इन्फेक्शनच्या होत्या. ते गणित जसंच्या तसं आपल्या वॉर्डात वापरणं मला धोक्याचं वाटतं.

लघवीचा नमुना युरोबॅगमधून, म्हणजे कॅथेटरला जोडलेल्या पिशवीतून, कधीही घेऊ देऊ नका, पिशवीत जंतू वाढलेले असतात. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर आधी बदलायचा, मग नव्यातून नमुना घ्यायचा, तोही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. नमुना दोन तासांत लॅबला पोचावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा. बीपी घसरलं असेल तर मात्र यापायी डोस लांबवायचा नाही.

रिपोर्ट आला की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: मेरोपेनेमसारखं भारी औषध चालू असेल तर आता साधं चालेल का?