शाळेत प्रयोगशाळा नाही, तिसरी-चौथीला विज्ञान हातानं करून कसं शिकवू? आणि आपले सण, रीतीभाती त्यात कशा आणू?

मी वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. तुम्ही लिहिलंय की नुकतेच रुजू झालात, साहित्याच्या पेटीतलं अर्धं तुटलेलं आहे आणि परिसर अभ्यास नुसता वाचून घेणं मनाला पटत नाही. मॅडम, मी म्हणेन पेटी सध्या राहू द्या, आधी गावात चार घरी जाऊन बसा. चुलीपाशी, गोठ्यात, वाढयाच्या (सुताराच्या) ओसरीवर. तिथं जे काम हातानं चाललेलं असतं त्यातच प्रयोग असतो, आणि मग संस्कृती वेगळी आणावी लागत नाही, ती आधीच तिथं बसलेली असते.

हळदीचंच सांगतो. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे हळद कधी खणायची, कशी उकळायची, किती दिवस वाळवायची हे इथल्या पोरांना चांगलं माहीत असतं. पहिल्या वर्षी मी हळदीच्या कागदाचा प्रयोग टेबलावर मांडून दाखवला, हे आम्ल, हे आम्लारी, घ्या लिहून. त्यांनी लिहून घेतलं आणि आठवड्यानं विचारलं तर कोणालाच काही सांगता आलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, कारण तयारी मी रात्री जागून केली होती, पण पोरांच्या हाताला त्यातलं काहीच लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी फक्त पट्ट्या केल्या. अर्ध्या कप पाण्यात एक चमचा हळद, साध्या पांढऱ्या कागदावर कापसाच्या बोळ्यानं लावायची, सावलीत वाळवून बोटभर पट्ट्या कापायच्या. पोरांना म्हटलं उद्या घरून बाटलीच्या झाकणात मावेल एवढं काहीही आणा. लिंबू, चिंच, ताक, मीठ, पापडखार, धुण्याचा सोडा, साबणाचा तुकडा असं सगळं आलं. एका मुलीनं कागदाच्या पुडीत चुलीतली राख आणली, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीच्या काड्यांची, तर बाकीचे हसायला लागले. मी काही बोललो नाही. प्रत्येक वस्तूच्या आधी फरशीवर खडूनं दोन खाने केले, रंग बदलेल आणि बदलणार नाही, पोरांनी आपापल्या खान्यात उभं राहायचं आणि मगच पट्टी बुडवायची. राखेच्या वेळेला ती एकटी "बदलेल" मध्ये उभी. राख पाण्यात कालवून फडक्यानं गाळली, पट्टी बुडवली, आणि पट्टी लालसर झाली. मी विचारलं तुला कसं माहीत गं, तर म्हणे, "मायी आजी राखेनंच कपडे धुवे जी सर, मंग राख साबणावानीच असन ना!"

हा विचार चौथीतल्या पोरीनं स्वतः केलेला आहे, मी सांगितलेला नाही. लाकडाच्या, पऱ्हाटीच्या राखेत क्षार असतात, पाण्यात उतरले की ते पाणी आम्लारी होतं, म्हणून तेलकटपणा निघतो, भांडी पण म्हणूनच राखेनं घासायचे. हे मी नंतर सांगितलं, आणि तेव्हा ते त्यांना पाहिजे होतं म्हणून डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या आजीलाच शाळेत बोलावलं. त्या खाली बसल्या, ताटलीत हळद घेतली, बोटभर पाणी, त्यात गव्हाच्या दाण्याएवढा चुना, आणि अंगठ्यानं मळायला लागल्या. पिवळं आधी विटकरी झालं, मग एकदम लाल. पोरं ओरडली, "हे तं कुंकू झालं!" आजी म्हणाल्या आधी असंच करत होते. मग एकानं त्यावर लिंबू पिळलं तर परत पिवळं, पुन्हा चुना, पुन्हा लाल, अर्धा तास हेच चाललं आणि मी चालू दिलं. शेवटी एक पोरगा पळत घरी जाऊन दुकानातल्या कुंकवाची डबी घेऊन आला, त्यावर लिंबू पिळलं, काहीच झालं नाही. "मंग हे कायचं हाय?" आजी म्हणाल्या, "तो नुसता रंग हाय, बाबू." मला त्याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं.

एक मात्र कळकळीनं सांगतो, चुना पोरांच्या हातात देऊ नका. डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते. चुना तुमच्या किंवा आजीच्याच हातात, आणि आणायला पोराला पानठेल्यावर पाठवू नका, स्वतः आणा.

तुमच्या बाजूला तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, होत असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चाकांचे लाकडी बैल शाळेत आणायला सांगा. फळीचं एक टोक दोन विटांवर टेकवायचं, वरून बैल सोडायचा, धक्का द्यायचा नाही, आणि फरशीवर, पोत्यावर, अंगणातल्या मातीत कुठवर जातो ते पाहायचं. आमच्याकडे पोरांनी वितीनं मोजलं आणि भांडण झालं, कारण एकाच्या सात विती दुसऱ्याच्या नऊ. मीटरपट्टी मी तेव्हा काढली, त्याआधी नाही. एकाचा बैल सगळ्यात मागं राहायचा, त्यानं आजोबांना विचारून आखाला गोडेतेल लावलं (बैलबंडीच्या आखाला वंगण घालतात ते त्यानं पाहिलेलं) आणि मग तोच पुढं. घर्षण हा शब्द मी त्या दिवशी फळ्यावर लिहिला. आखाचं लाकूड कोणतं, हे विचारायला वाढयाला पण बोलावता येतं, येतात ते, मान दिला की आनंदानं येतात.

बाकी कापूस तर आपल्या दारातच आहे. पिळ न देता पेळू (पिंजलेल्या कापसाची सैल वळी) ओढला की लगेच तुटतो, वातीसारखा वळला की खडे टांगले तरी धरतो, एवढं एक करून पाहा. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातली टकली, म्हणजे हातानं सूत कातायची छोटी चाती, हेच तर शिकवायची, आणि सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात असून आपल्या पोरांनी टकली पाहिलेली नसते याची मला खंत वाटते.

सावलीची काठी पण सोपी आहे. फेब्रुवारीच्या मध्यात लावा, घड्याळात बारा वाजले तरी सावली सगळ्यात छोटी नसते, आमच्याकडे ती साडेबाराच्या आसपास होते. तीच काठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावली तर जवळपास बारालाच. दोन्ही वेळा खुणा करून ठेवा, पोरं स्वतःच विचारतील.

वेळ पुरत नाही असं तुम्हाला कोणी म्हणेल. मला पण तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वही रिकामी का म्हणून सुनावलं होतं. तेव्हापासून प्रयोग झाला की पोरांना चित्र काढायला लावतो आणि खाली त्यांच्या बोलीत दोन ओळी, "राखेनं लाल झालं, मिठानं नाई झालं". भाषेचा तास पण त्यातच निघतो, आणि बोली मी सुधारत बसत नाही.

हळदीनंच सुरुवात करा. पट्ट्या सावलीत वाळवायच्या म्हणालो ते उन्हानं हळदीचा रंग उडतो म्हणून. पण हे पोरांना सांगू नका, एक कागद अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून दोन दिवस उन्हात ठेवा आणि तो त्यांनाच उघडू द्या.